आधी आकडा, मग नक्षी

काकू, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते. वयाने लहान आहे, 'अगं-तुगं' केलंत तर बरंच वाटेल. विणकामात सुलट-उलटवर हात बसलेला आहे. एकरंगी हाफ स्वेटर झाले, भाच्यांची टोपडी झाली. यंदा ह्यांच्यासाठी रंगीत पट्ट्यांची टोपी करायला घेतली. सबंध टोपीभर एकच नक्षी नको होती, म्हणून तीन जमवल्या: मैत्रिणीच्या स्वेटरवरून उतरवलेली सात घरांची, म्हणजे सात टाक्यांची, एका परदेशी ग्राफमधली चोवीस घरांची चांदणी आणि आईच्या कशिद्याच्या वहीतला मोर. टोपीला नेहमी घालते तसे ९२ टाके घातले. पण एकही नक्षी ओळीच्या शेवटी पुरी होत नाही. मागे दोऱ्यांचं जाळं झालंय, पुढून कापड आवळलंय आणि चांदणी तर दिसतच नाही. नारिंगीवर चांगली हिरवी घेतली होती! सासूबाई म्हणतात, "नागपुरात काहून एवढा खटाटोप? तिबेटी बाजारात आयती मिळते." माझी सुरुवातच चुकली का? आधी साधा मफलर घ्यायला हवा होता का? की टोपी सोडून सरळ स्वेटरच करू?
गुंतलेली, मानेवाडा

प्रिय गुंतलेली,

उसव. नाउमेद होऊन नव्हे, पुन्हा टाके घालायचे आहेत म्हणून. तुझ्या हातात काही खोट नाही. घोडं पेंड खातंय ते ९२ या आकड्यापाशी.

९२ला भाग जातो २ने, ४ने, मग एकदम २३ने आणि ४६ने. एकरंगी टोपीला हे चालून जातं, कारण तिथे काही पुरं व्हायचं नसतं. तुझी चांदणी २४ घरांची. तीन चांदण्यांत ७२ टाके संपले, उरले २०, त्यात चौथी मावणार कशी? सातवाली तेरा वेळा घेतली की ९१ होतात आणि एक टाका बिचारा एकटा उरतो. तू मन लावून मोजत बसलीस तरी ही नक्षी बसणार नव्हती. नक्षी आवडली म्हणून घेतली आणि टाके सवयीने घातले, की हे असंच होतं. निरनिराळ्या नक्ष्या एकाखाली एक बसवायच्या असतील, तर आधी आकडा ठरवायचा आणि त्याच्या पाढ्यात बसतील त्याच नक्ष्या आत घ्यायच्या.

तुझ्यासाठी आकडा आहे ९६. चारच टाके जास्त, पण २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४ या सगळ्यांनी याला पुरा भाग जातो. शिवाय दोन रंगांची वीण एकरंगीपेक्षा थोडी आवळते आणि कमी ताणली जाते, त्यामुळे ते चार टाके अंगाबाहेर जाणार नाहीत. बारीक लोकर घेणार असशील तर १२० घे, त्यालाही २४ने भाग जातो. नेमके किती हवेत ते मात्र तुकडा विणूनच ठरव. तीसेक टाक्यांचा तुकडा, तोही दोन रंगांत, नक्षीसकट. एकरंगी तुकडा मोजून काढलेला हिशेब इथे उपयोगाचा नाही. दहा सेंटिमीटरात २० टाके येत असतील तर ९६ टाक्यांची टोपी ४८ सेंटिमीटर घेराची होईल आणि मोठ्या माणसाच्या ५५-५६च्या डोक्याला ती ताणून नीट बसेल. २२-२३ येत असतील तर सुई जाड घे.

आता नक्ष्या. शाळेतल्या गणिताच्या वहीचं चौकटीचं पान घे. त्यातून २४ घरं रुंदीच्या आडव्या पट्ट्या काप. एका पट्टीवर एकच नक्षी काढायची, पट्टी भरेपर्यंत: चार घरांची नक्षी सहा वेळा येईल, सहाची चारदा, आठची तीनदा, बाराची दोनदा, चांदणी एकदाच. मग प्रत्येक पट्टीवर १२व्या घरावरून पेन्सिलीने उभी रेघ मार आणि नक्षीचं मधलं घर त्या रेघेवर येईल अशी नक्षी बसव. झालं. या पट्ट्या टेबलावर एकीखाली एक ठेवायच्या, वरखाली सरकवायच्या, एखादी काढून टाकायची, हवी तर दुसरी आणायची. लोकरीला हात लावण्याआधी सगळी टोपी कागदावर दिसते आणि उसवावं लागतं ते फक्त कागदावर. मी शिकवते तेव्हा पहिला दिवस सुया पिशवीतच ठेवायला लावते. मुली कुरकुरतात, पण करतात.

रेघेचा आग्रह का, ते एका लहान नक्षीवरच बघ. आपल्या विदर्भातल्या करवत काठी साडीच्या काठाला करवतीचे दाते असतात ना, तेच लोकरीत उतरवू. सहा घरं, तीन फेऱ्या. पहिली फेरी: दोन गडद, एक फिका, तीन गडद. दुसरी: एक गडद, तीन फिके, दोन गडद. तिसरी: पाच फिके, एक गडद. एवढंच. ९६ टाक्यांत सोळा दाते येतात. टोक दर सहाव्या टाक्यावर, म्हणजे १२व्या घरावरही एक टोक आलंच. आता याच्या वर एक साधी फेरी सोडून चारची ठिपक्यांची फेरी घे: तीन फिके, एक गडद. ठिपके पडतात ४, ८, १२ असे. १२व्या घरावर ठिपका नेमका दात्याच्या टोकावर बसतो आणि सहाव्या घरावरचा दाता दोन ठिपक्यांच्या बरोब्बर मधे येतो. एकदा वर, एकदा मधे, फेरीभर हीच लय चालते. हाच ठिपका एक घर सरकव आणि बघ. चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण टोपी तिरपी वाटायला लागते.

तुझ्या सातवालीचं काय? तिला टाकू नकोस. मधे एक घर असेल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन, तर शेजारी एक घर रिकामं सोड, आठ झाले. आठ ९६मध्ये बारा वेळा जातात. पट्टीवर तिची मधली घरं ४, १२ आणि २० वर येतील, म्हणजे रेघही साधली. दहा घरांची नक्षी मिळाली तर दोन घरं सोडून बारा कर. अशी मोकळी जागा दिल्याने बहुतेक नक्ष्या बिघडत नाहीत, उलट थोडा श्वास घेतात. जागा सोडून चालणारच नसेल, साखळीसारखी सलग नक्षी असेल, तर तिच्या आधीच्या साध्या फेरीत टाके लागतील तसे वाढवायचे किंवा घटवायचे आणि नंतरच्या साध्या फेरीत पुन्हा ९६ करायचे. सलग सातसाठी ९८, सलग पाचसाठी ९५. एक-दोन टाक्यांचा फरक टोपीच्या मागच्या बाजूला कोणाला कळत नाही. एक मात्र तपासून घे. काही नक्ष्यांच्या मध्यावर एक घर असतं, काहींच्या दोन. दोनवालीची मधली रेघ दोन घरांच्या फटीत येते आणि एकवालीच्या डोक्यावर ती ठेवली की अर्ध्या टाक्याने हुकते. पहिल्या टोपीत एका घराच्या मध्यावरच्याच नक्ष्या घे.

मोर मात्र आईच्या वहीतच राहू दे. कशिद्याचा नमुना चौकटीत काढलेला असतो म्हणून तो विणकामाचा वाटतो, पण कशिद्यात एका ओळीत सात रंग आले तरी बिघडत नाही. सुई वर काढली की हवा तिथे टाका घालता येतो. विणताना प्रत्येक रंगाचा धागा तुझ्याबरोबर फेरीभर चालतो. एका फेरीत दोनच रंग, हा नियम त्यामुळेच आलाय. मोराची मान, पिसारा, डोळा असे चार रंग एका फेरीत आले की मागे जाळं होणारच. झालंय तसं. मोर अगदीच सोडवत नसेल तर टोपी झाल्यावर तो बोथट सुईने वर भर. विणलेल्या टाक्याच्या वाटेनेच वरून दुसऱ्या रंगाचा टाका फिरवायचा, तो विणलेलाच वाटतो. हीच युक्ती चुकलेल्या टाक्यालाही लागू. पाच फेऱ्या खाली एक टाका गडद ऐवजी फिका पडला म्हणून उसवायचं नाही, वरून भरायचं.

मागच्या जाळ्याचं आणि आवळण्याचं कारण एकच आहे. ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून पळत जातो. तो किती घरं पळतो हे नक्षी निवडतानाच बघायचं. पाच घरांपर्यंत तसाच सोडावा. सहावं-सातवं घर आलं की मधे एकदा दुसऱ्या धाग्याच्या खालून घेऊन अडकवावा, नाहीतर टोपी घालताना बोट किंवा कानातलं त्यात अडकतं. करवतीचे दाते सुरुवातीला चांगले म्हणते ते यासाठीच, त्यात कुठेही पाचपेक्षा लांब धागा नाही. चांदणीत मोठ्या पोकळ्या असतात. त्या पोकळीच्या मधे एखादी फुली किंवा ठिपका टाक, धाग्याला टेकू मिळतो. कापड आवळतं कारण रंग बदलताना आपण नकळत धागा ओढतो. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी जरा पसरव आणि मग नवा धागा घे, म्हणजे मागे लागेल तेवढी लांबी आपोआप सुटते. आणि पट्टीच्या भागाला बॉर्डरपेक्षा एक नंबर जाड सुई घे.

दोन धाग्यांचा गुंता होऊ नये म्हणून एक गुंडा डावीकडे, एक उजवीकडे ठेव. एक धागा कायम वरून आणायचा, दुसरा कायम खालून, आणि टोपी संपेपर्यंत ही अदलाबदल करायची नाही. गुंता टळतोच, पण यात आणखी एक गंमत आहे. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग खालून, जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग वरून. अर्ध्यात उलट केलंस तर त्याच लोकरीची, त्याच सुईची नक्षी अचानक फिकी पडल्यासारखी दिसेल आणि तू लोकरीच्या लॉटला, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेला, दोष देशील. जमलं तर एक धागा उजव्या हातात आणि एक डाव्या हातात धरायची सवय कर. डावा हात पहिल्या दिवशी रडवतो, पण नंतर वेग बघ.

रंगांकडे येते. नारिंगी आणि हिरवा! आपल्या संत्र्याचे आणि संत्र्याच्या पानाचे रंग, झाडावर किती छान दिसतात. लोकरीत मात्र दोन्हींचा गडदपणा बहुतेक वेळा सारखाच निघतो, आणि लांबून डोळा रंगापेक्षा गडद-फिकं आधी बघतो. तुझी चांदणी विणलेली आहे, पण नारिंगीत विरघळली आहे. दोन्ही गुंडे शेजारी ठेव, फोनवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा कर. दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसले तर ती जोडी नाही जमायची. नारिंगी आवडतोच तर त्याच्या शेजारी गडद निळा किंवा दुधी पांढरा आण आणि हिरवा दुसऱ्या पट्टीत जाऊ दे. दुकानातही गुंडे हातात घेऊन हा फोटो काढता येतो. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

पहिल्या टोपीला तीन रंग पुरे: एक गडद, एक फिका आणि एक झगझगीत, जो फक्त मोठ्या पट्टीच्या मधल्या दोन-तीन फेऱ्यांत येईल. शेटलंड आणि ऑर्कनी बेटांच्या मधे फेअर आयल नावाचं चिमुकलं बेट आहे, स्कॉटलंडच्या उत्तरेला. या पद्धतीच्या विणकामाला जगभर त्याचंच नाव आहे. तिथल्या स्वेटरात दहा-दहा रंग दिसतात, पण फेरी-फेरी मोजलीस तर प्रत्येक फेरीत दोनच. रंग बदलतात ते पट्टीच्या मध्याकडे जाताना, आणि मध्य ओलांडला की त्याच क्रमाने परततात. मोठ्या नक्ष्यांच्या मधे तीन-चार फेऱ्यांच्या बारीक नक्ष्या घालायच्या, हीही तिथलीच रीत. १९२२ मध्ये तेव्हाचा ब्रिटिश युवराज, पुढचा आठवा एडवर्ड, तसला स्वेटर घालून गोल्फच्या मैदानावर आला आणि कोळ्यांच्या घरातली ही वीण एकदम फॅशनमध्ये गेली. चांदणी मात्र जास्त करून नॉर्वेकडची. तिथल्या सेल्बू गावचे आठ पाकळ्यांचे हातमोजे काळ्या-पांढऱ्या अशा दोनच रंगांत असतात, आणि म्हणूनच ती पाकळी लांबूनही ओळखू येते.

या बेटांच्या पुस्तकातली प्रत्येक गोष्ट मात्र आपल्याकडे जशीच्या तशी करू नकोस. तिकडची मेंढीची लोकर केसाळ, एकमेकीला धरून राहणारी. विणलेल्या कापडाला मधून कात्री लावून ते स्वेटर पुढून उघडतात आणि टाके निसटत नाहीत. आपल्याकडे दुकानात बहुतेक अॅक्रिलिक मिळते. तिला कात्री लावलीस तर रडशील. ती घसरते, म्हणून मागचे धागे थोडे जास्त वेळा अडकवायचे. आणि खरी लोकर धुऊन सपाट वाळवली की वेडेवाकडे टाके बरेचसे सरळ होतात, तसं अॅक्रिलिकचं फारसं होत नाही. तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर टोपी कायमची मरते, लोळागोळा होते. जे काही सारखं करायचं ते विणतानाच.

सुयांचा एक घोळ सांगून ठेवते, कारण तुझा ग्राफ परदेशी आहे. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात: नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. ग्राफवर '८' लिहिलेलं बघून तू बर्डीच्या बाजारातून आपली ८ नंबर आणलीस तर टोपी नारळाला बसेल. मिलिमीटर विचार, नंबर विसर. मध्यम जाडीच्या लोकरीला बॉर्डरसाठी ४ आणि नक्षीसाठी साडेचार मिलिमीटर घेऊन तुकडा विणून बघ.

आणि जमलं तर गोल सुई घे, ४० सेंटिमीटरची. बर्डीत किंवा इतवारीत सगळ्याच दुकानांत मिळेल असं नाही, ऑनलाइन नक्की मिळते. सरळ सुयांवर नक्षी विणताना प्रत्येक दुसरी ओळ उलट टाक्यांची येते. ग्राफ त्या ओळीला डावीकडून उजवीकडे वाचावा लागतो आणि नक्षी आपल्याकडे पाठ करून असते. नव्या माणसाच्या नाकी नऊ येतात. गोल सुईवर सगळं सुलट, नक्षी सतत डोळ्यांसमोर, ग्राफ कायम उजवीकडून डावीकडे आणि खालून वर. गोल सुई नसेलच तर सरळ सुयांवर ९८ टाके घाल, दोन्ही कडांचा एक-एक टाका शिवणीत जाईल. ग्राफवर मोजपट्टी ठेवायची ती चालू फेरीच्या वरच्या बाजूला. बहुतेक जणी खाली ठेवतात आणि विणून झालेला भाग झाकून टाकतात. तो तर दिसायला हवा, नवा टाका खालच्या कुठल्या टाक्यावर बसतोय हे त्यावरूनच कळतं.

टोपीचा आराखडा असा धर. ९६ टाके, गडद रंगात एक सुलट एक उलट, चार सेंटिमीटर बॉर्डर. मग सुई बदल, एक साधी फेरी. करवतीचे दाते, तीन फेऱ्या. दोन साध्या. तुझी सातवाली, आता आठची, सात फेऱ्यांची धरते. दोन साध्या. मग मोठी पट्टी, अकराएक फेऱ्या. पहिल्या टोपीत इथे चांदणीऐवजी बारा घरांचा हिरा घे, पाकळ्यांमधल्या पोकळ्या सांभाळत बसावं लागणार नाही. हिऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीत छोटी फुली टाकायला विसरू नकोस. पुन्हा दोन साध्या, पुन्हा आठची, दोन साध्या. साध्या फेऱ्या वाया गेल्या असं समजू नकोस. गोल विणताना फेरी जिथे संपते तिथे नक्षी एका टाक्याची पायरी चढते, ती पायरी या साध्या फेऱ्यांत पुसली जाते आणि प्रत्येक पट्टी नव्याने सुरू होते. उंची वीस सेंटिमीटरच्या आसपास आली की दोन-दोन टाके एकत्र विण, ४८ राहतील. एक साधी फेरी. पुन्हा दोन-दोन एकत्र, २४. शेवटी एवढे कमी टाके गोल सुईवर फिरायला पुरत नाहीत, म्हणून या फेऱ्या दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर घे. दोरा त्यांतून ओवून आवळायचा, वर गोंडा लावायचा. सगळी मिळून शंभरेक ग्रॅम लोकर लागेल. जमिनीच्या रंगाचे गुंडे एकाच लॉटचे बघून घे.

मफलर आधी घेतला नाहीस ते फार बरं केलंस. दोन रंगांच्या कापडाची मागची बाजू आत लपायला हवी. मफलरची पाठ जगाला दिसते, कडा वळतात, आणि सगळा उलट-सुलट विणावा लागतो. दिसायला सोपा, पण या विणीसाठी सगळ्यात खट्याळ. स्वेटरचं म्हणशील तर पुढच्या वर्षी. तोही अंगभर नक्षीचा नको, दोन पदरी जाडीचं ते कापड नागपुरात आठवडाभर तरी अंगावर राहील का? छातीवर एक पट्टी असलेला हाफ स्वेटर कर. तेवढ्या पट्टीपुरती जाड सुई घ्यायला विसरलीस तर स्वेटरला कंबरेच्या वर आणखी एक कंबर येईल.

आता सासूबाई. नागपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. ज्याला सकाळी सहाला दुचाकी काढायची असते त्याला विचारावं. तिबेटी बाजाराचं त्या म्हणतात ते खरं आहे, टोपी तिथे आयती मिळते आणि माल वाईट नसतो. तू जरूर जा तिकडे. दोन रंगांची एखादी टोपी हातात घे, उलटी कर आणि मागचे धागे किती लांब पळतात ते बघ. टोपीवर बोट ठेवून नक्षी कुठे संपून पुन्हा सुरू होते ते शोध. विकत घ्यायलाच हवी असं नाही, पण उलटी-पालटी करून परत ठेवायची लाज वाटली तर एखादा हातमोजा घेऊन टाक.

ह्यांची टोपी झाली की बहुधा सासूबाईंचीही मागणी येईल, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे "मला काही नको" असं म्हणत. त्यांचं डोकं लहान असेल तर टाके कमी करायला जाऊ नकोस. ८८ घातलेस की चोवीसचं गणित पुन्हा बिघडतं. ९६ तसेच ठेव, पट्ट्याही त्याच ठेव, सुई एक नंबर बारीक घे.

तुझी,
विणकामवाली काकू